लांजेवार साहेबांची फरशी

लांजेवार साहेब पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी ना नमस्कार केला, ना भाव विचारला. दाराबाहेर फुटक्या फरश्यांचा ढीग पडला होता. त्यातला एक तुकडा त्यांनी उचलला, पँटीला पुसला आणि चाटला. मग डोळे मिटून म्हणाले, "शहाबादी. पण खालच्या थरातली."

माझं आडनाव पटले; गोंदियाजवळ कुडव्याला माझं टाइल्सचं दुकान आहे. माल पाहून नाक मुरडणारी गिऱ्हाइकं मी रोज पाहतो, पण माल चाटणारा माणूस आयुष्यात पहिला. माझा मिस्त्री दुलीचंद तिथंच बिडी ओढत बसला होता. तो हळूच म्हणाला, "सेठ, ये आदमी ठीक नहीं है." दुलीचंदचं कोणतंही मत मला सहसा पटत नाही. हे मात्र पटलं.

चौकशी केली तेव्हा कळलं, की हे गृहस्थ तेल काढणाऱ्या एका मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले भूगर्भशास्त्रज्ञ. मूळचे आमगावकडले. जन्मभर कुठकुठल्या वाळवंटात आणि समुद्रात दगड पाहत फिरले आणि म्हातारपणी नेमकं माझ्या दुकानामागचं जुनं घर विकत घेऊन बसले. पाहण्यासारखं त्या घरात काहीच नव्हतं. साहेबांनी ते कशासाठी घेतलं, तर त्याला सगळीकडे शहाबादी फरशी होती म्हणून. मी त्यांना घर घेतल्या घेतल्याच सांगितलं, "साहेब, हे सगळं उखडून टाका, मस्त चकचकीत टाइल बसवून देतो. आमच्या टाइलवर डाग राहत नाही." हे माझं ठरलेलं वाक्य आहे. हे ऐकून माणसं खूश होतात. साहेबांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी त्यांच्या वडिलांचा अपमान केला.

"पटले," ते म्हणाले, "जमिनीखाली तेल कसं राहते, सांगा बरं."

"टाकीत राहते तसं राहत असेल."

त्यांनी कपाळावर हात मारला. मग माझ्याच दुकानात, माझ्याच खुर्चीवर बसून, माझाच चहा पिऊन त्यांनी मला अडाणी ठरवलं. खाली तळं नसते, दगड असते. चुनखडीचा दगड. तेल त्या दगडाच्या छिद्रांत आणि भेगांत मुरलेलं असते. आपण वरून भोक पाडतो ते वीतभर रुंद, त्यातून अख्खा दगड काय दिसणार? मग तेल कोणत्या भेगेनं येईल आणि कुठं अडकेल हे समजायचं कसं? तर तसाच दगड जिथं जमिनीच्या वर उघडा पडला असेल, तिथं जायचं. त्याचे थर पाहायचे, भेगा मोजायच्या, त्या कोणत्या दिशेला जातात ते पाहायचं. खालचा दगड त्याचाच सख्खा भाऊ.

"वरचं बघा, खालचं कळते," असं म्हणून ते उठले. हे त्यांचं पालुपद. कुणाच्या मुलीचं लग्न असो, निवडणूक असो की दुखणारं पोट, साहेबांचं उत्तर एकच. दुसरं गाऱ्हाणं दगडाबद्दलचं. "कितीही पंप लावा, पाणी ढकला, गॅस ढकला, बहुतेक तेल तिथंच राहते. दगड सोडतच नाही हो! माझी जिंदगी गेली त्याच्यात." हे ते इतक्या चिडून सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं दगडानं त्यांची शेती बळकावली आहे.

आता आमच्या गोंदिया जिल्ह्यात दगड काही कमी नाहीत. पण ते सगळे आगीतून निघालेले, कडक. तेल सोडा, पाणीसुद्धा धड पीत नाहीत. चुनखडी औषधालाही नाही. दुसरा शहाणा माणूस गप्प घरी बसला असता आणि धानाचा भाव काय चालू आहे त्याची चिंता केली असती. साहेबांनी काय केलं? शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीच. कोटा फरशीही चुनखडीच. म्हणजे साहेबांच्या लेखी कुडव्यातलं प्रत्येक जुनं घर हे उघडा पडलेला खडक होतं, आणि आम्ही लोक त्याच्यावर उगाच खाटा टाकून झोपत होतो.

झालं. साहेब घरोघर जाऊ लागले.

बिसेन मॅडमच्या घरी चहाला गेले तर अर्धा कप चहा प्यायले आणि अर्धा मुद्दाम फरशीवर ओतला. मॅडम शाळेत शिकवतात, पण घाबरल्या की त्यांची भाषा थेट गावाकडे जाते. "काऊन जी, साखर कमी झाली का?" म्हणत त्या पोछा आणायला पळाल्या. साहेब गुडघ्यावर बसून ओरडले, "पुसू नका!" आणि खिशातून भिंग काढून चहाच्या मागं मागं रांगत निघाले. सोफ्याखाली गेले, टीव्हीच्या टेबलाखाली गेले. शेवटी कोपऱ्यातून आवाज आला, "आडवी भेग बंद आहे. उभी वाहून राहिली!" मॅडमचा नवरा हातात पोछा घेऊन तसाच उभा. घरी आलेल्या माणसाला काय बोलावं?

"पुसू नका" ही आरोळी पुढं सगळ्या वस्तीला पाठ झाली. कुणाच्या हातून वरण सांडलं तरी पोरं ओरडायची, पुसू नका! साहेब येतील!

एकदा बिसेन मॅडमची गच्ची गळू लागली. मी सांगितलं, वरून टाइल मारू, विषय संपला. साहेब म्हणाले, आधी पाणी कुठून जाते ते पाहू. आणि त्यांनी होळीचा उरलेला लाल रंग बादलीत कालवून गच्चीवरच्या फरशीवर ओतून दिला. त्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सगळे विसरून गेले. आणि मग मॅडमच्या पुतणीला पाहायला तिरोड्याचे पाहुणे आले असताना, ऐन पोह्यांच्या वेळी, छतातून एक टपोरा लाल थेंब निघाला तो मुलाच्या बापाच्या पांढऱ्या शर्टावर. मग दुसरा. बाप खुर्चीवरून उडालाच. त्याला वाटलं वर कुणाचा खून झाला आहे. घरात धावपळ, मुलगी रडायला लागलेली, आणि हे गृहस्थ धावत आत येऊन छताकडे बघत टाळ्या वाजवतात! "इतका उशीर! म्हणजे भेग सरळ नाही, पायरी पायरीनं उतरून राहिली!" मुलाच्या बापाचा शर्ट त्यांनी बोटानं ताणून पाहिला आणि थेंब केवढा आहे त्याचं माप घेतलं. लग्न जमलं, हा मुलीच्या नशिबाचा भाग. साहेबांनी आपल्या बाजूनं काही कसर ठेवली नव्हती.

पण या सगळ्या गमतीजमती झाल्या. मला ज्या गोष्टीचा खरा राग होता ती वेगळीच, आणि तो राग मी लपवूनही ठेवला नव्हता.

साहेबांच्या बायकोला सगळे काकू म्हणायचे. सालेकशाकडल्या. साधी, ठसठशीत बोलणारी बाई. त्यांच्या बैठकीत चारी भिंतींवर फोटो होते आणि सगळे डोंगरांचे, कड्यांचे. नीट पाहिलं की प्रत्येक कड्याच्या पायथ्याशी एक इवलीशी बाई दिसायची, पदर सावरत उभी. मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, "मीच होय ते. खडक केवढा मोठा आहे हे समजासाठी बाजूले माणूस लागते मनते. कोणी हातोडी ठेवते, कोणी पेन. आमच्या घरचे मले ठेवते."

मी म्हटलं, "मग तुमचा वेगळा, जवळून काढलेला फोटो?"

"मी का खडक आहो?" आणि काकू हसत आत गेल्या.

काकू गेल्या तेव्हा तेरवीला ठेवायला फोटो शोधला, तर खरोखरच एकही सापडला नाही. शेवटी गोंदियाच्या स्टुडिओवाल्यानं एका कड्याच्या पायथ्यावरून त्यांना उचलून मोठं केलं. चेहरा धूसर, डोळे कुठं आहेत ते अंदाजानं ठरवायचं. मागच्या खडकातली भेग तेवढी स्वच्छ आलेली. आणि तेरवीला जेवायला आलेल्या लोकांना हा माणूस फोटोपाशी उभा राहून ती भेग समजावून सांगत होता! मी स्वतः ऐकलं. पानावरून उठावंसं वाटलं मला. वरचं बघा खालचं कळते म्हणे. अरे, जन्मभर समोर उभी केलेली बाई ज्याला दिसली नाही, त्याला खालचं काय कळणार कपाळ?

त्यानंतर मी त्यांच्याशी कामापुरतं बोलायचं ठरवलं. पण शेजारी असा माणूस असला की ठरवून काही होत नाही. काकू गेल्यावर त्यांनी नवंच सुरू केलं. अधूनमधून सकाळी दुकानात येऊन बसायचे. "पटले, गाडी काढा. सालेकशाला खडक पाहून येऊ."

"साहेब, तिकडं चुनखडी नाही, असं तुम्हीच सांगता."

"नाहीच ना. पण पाहायला काय जाते?"

पेट्रोल माझं जाते, हे त्यांना कसं सांगणार? तिथं जाऊन ते मला भर उन्हात एका काळ्या खडकाला टेकवून उभं करत, मोबाइल डोळ्याला लावत आणि मागं मागं जात. एकदा मोहफुलं वेचणारी एक म्हातारी टोपली घेऊन थांबली आणि मला म्हणाली, "कायले उभं करून ठेवलं जी तुमाले? चोरी केली का?" मी म्हटलं, "नाही आजी, मी माप आहो." ती बिचारी घाईघाईनं पुढं निघून गेली.

येताना मात्र ते काकूंच्या माहेरच्या गावी गाडी थांबवायला लावत. एका घरातून मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली घेत, पिशवीत जपून ठेवत आणि मग कुडव्यापर्यंत ती पिशवी मांडीवरून उतरवत नसत. मला वाटायचं, गुडघ्याला चोळत असतील. इतकं रांगल्यावर गुडघे दुखणारच.

यंदा पावसाळा संपता संपता साहेब घरात पडले. हाड मोडलं नाही, पण पाठ चांगलीच शेकून निघाली. बंगळुरूहून त्यांच्या मुलाचा, अमोलचा मला फोन आला. "काका, ती जुनी फरशी ओली होते म्हणतात बाबा, त्यावरून घसरले. सगळी काढून टाका आणि न घसरणाऱ्या टाइल्स लावा. देवघराची खोली आधी, तिथंच पडले ते. बाबा ऐकणार नसतील तर घर बंद करून मी त्यांना कायमचं इकडं घेऊन येतो. आता तुम्हीच समजवा."

मी खूश. नाही कशाला म्हणू? इतकी वर्षं ती फरशी माझ्या डोळ्यांत सलत होती. साहेबांना जाऊन सांगितलं. आधी म्हणाले, पाया खचेल. मग म्हणाले, हा दगड आता खाणीत मिळत नाही. कायमचं बंगळुरू म्हटल्यावर चेहरा उतरला. शेवटी म्हणाले, "बैठक काढा. झोपायची खोली काढा. स्वयंपाकघर पण काढा. देवघराच्या खोलीला हात लावू नका."

"अमोलनं तीच आधी सांगितली आहे."

"तिथं अभ्यास चालू आहे."

अभ्यास! पाठ शेकून घेतली तरी यांचा अभ्यास चालू. बायको गेली, हाडं मोडायची वेळ आली, तरी भेगा सुटत नाहीत. आणि आयुष्यात कधी देवापुढे हात न जोडलेल्या माणसाचा देवघरात कसला अभ्यास?

दुलीचंदनं बाकीचं घर भराभर उरकलं. देवघराची खोली तेवढी कुलूप लावलेली. शेवटच्या दिवशी साहेब पाठ दाखवायला डॉक्टरकडे गेले आणि किल्ल्यांचा जुडगा टेबलावर विसरले. मी अमोलला फोन लावला. तो म्हणाला, "उघडा काका. बाबा ओरडतील दोन दिवस, मग विसरतील." दुलीचंदनं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उचलली आणि आम्ही आत गेलो.

आत मोहाच्या तेलाचा वास भरलेला. देवघरापुढच्या फरशीवर काळाभोर तेलकट डाग, परातीएवढा. त्यातून दोन भेगा निघालेल्या, एक उंबऱ्याकडे, एक स्वयंपाकघराच्या भिंतीकडे, आणि तेल त्या भेगांत दूरवर उतरलेलं. डागाच्या कडेनं पेन्सिलीच्या रेघा. एकीच्या बाहेर दुसरी, दुसरीच्या बाहेर तिसरी, अशा कितीतरी, डाग जसजसा वाढला तशा काढलेल्या. आणि सगळ्यांत बाहेरच्या रेघेच्या आत एक रेघ होती, बाकीच्यांपेक्षा हलक्या हातानं ओढल्यासारखी, तुटक.

"इसी पे फिसले होंगे," दुलीचंद म्हणाला. "सेठ, ये तो रोज कोई तेल डालता है इधर." आणि त्यानं सब्बलीचं टोक फरशीच्या सांध्यात घातलं.

तेवढ्यात दारात साहेब. डॉक्टर भेटले नसावेत, किंवा किल्ल्या आठवल्या असाव्यात. मला वाटलं, आता आकाशपाताळ एक करणार. पण ते दुखऱ्या पाठीनं भिंतीला धरत धरत आले आणि त्या डागाशेजारी फरशीवर बसले. सब्बल त्यांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. दुलीचंदनं ती आपसूक मागं घेतली.

"हिचं तेल आहे हे," साहेब म्हणाले.

दुलीचंदनं सब्बल भिंतीला टेकवून ठेवली.

"समई भरायची आणि दरवेळी सांडायची. एक डोळा भातावर, एक समईवर. घाईत पुसायला लागली, का मी ओरडायचो, पुसू नको! पाहू दे कुठं जाते. ती म्हणायची, अख्ख्या दुनियेचा नवरा बायकोले म्हणते फरशी पूस, आन् मले हाच असा भेटला. मग मुद्दाम जास्त सांडायची. आणि रात्री जेवताना विचारायची, कुठवर गेलं जी तुमचं तेल?"

ते थोडं हसले. मग बोट त्या तुटक रेघेवर ठेवलं.

"ती गेली आणि दिवा बंद झाला. काही महिन्यांनी पाहतो, तर डागाची कड फिकी पडून राहिली. आत सरकून राहिली, ही इथवर. माझी पाठ गेली असती तरी चाललं असतं, पटले, हे पाहवलं नाही. म्हणून सांडतो मी रोज चमचाभर. पूजा-बिजा नाही येत मला. तेच तेल लागते, दुसरं आणलं होतं, वास वेगळा येते."

मग फरशीवर तळवा टेकवून, कुणाशीच न बोलल्यासारखं म्हणाले, "दगड सोडत नाही. किती शिव्या दिल्या मी त्याला."

 सालेकशाच्या त्या सगळ्या फेऱ्या मला आठवल्या आणि त्या बाटल्याही. आणि तेरवीला फोटोतली ती भेग दाखवताना यांच्याकडे दुसरं दाखवण्यासारखं काय होतं, असं पहिल्यांदा मनात आलं. दुलीचंद माझ्या आधी खोलीतून बाहेर गेला होता.

अमोलला मीच फोन केला. म्हटलं, "देवघराची फरशी निघत नाही. खालचा थर वेगळा आहे, भेगा पायरी पायरीनं उतरल्या आहेत, हात लावला तर घर खचेल." साहेबांसोबत राहून एवढं बोलता येतं आता. तो म्हणाला, "असं असते का काका?" मी म्हटलं, "असं असते." साहेबांना धरून चालायला भिंतीला एक दांडा ठोकून दिला आणि विषय संपवला.

आता साहेब बंगळुरूला गेले आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी. भिंग घेऊन फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांतलं दिसत नव्हतं, यात नवल ते काय. जाताना किल्ली, अर्धी बाटली तेल आणि एक चमचा माझ्या हवाली करून गेले. म्हणजे पाहा, ज्याच्या टाइलवर डाग राहत नाही असा मी, लोकांची घरं चकचकीत करून देणारा माणूस, रोज दुकान बंद करून एका रिकाम्या घरात जातो आणि चांगल्या फरशीवर तेल सांडतो. बिसेन मॅडमनं विचारलं, "काऊन जी पटलेभाऊ, तुमालेही लागण झाली का?" बाटली परवा संपली, तेव्हा सालेकशाला जाऊन आलो. एकटाच.

तेल सांडलं की लगेच फोन येतो.

"कुठवर गेलं?"

"स्वयंपाकघराकडल्या भेगेत आहे. भिंतीपाशी पोचलं."

"पुसलं नाही ना?"

"नाही साहेब."

मग ते काही बोलत नाहीत आणि फोनही ठेवत नाहीत. तिकडून नातवाचा दंगा ऐकू येत राहतो. वेड्या माणसाचं काय खरं आहे? पण मीही फोन ठेवत नाही, आणि तेल भेगेत पूर्ण उतरेपर्यंत तिथंच बसून राहतो.